भासऱ्यामागची सीट

चाकण, पुणे
१४ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. मोठे बाबा यांस,
अमरचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या शिस्तीप्रमाणे आधी खुशाली, मग काम. मी मजेत आहे. मेसच्या भाजीत साखर असते, पण मायनं दिलेला ठेचा अजून उरला आहे, म्हणून निभतं.

आता काम. हे फोनवर सांगण्यात अर्थ नव्हता. आपल्या घरी फोन आला की भूपेशदादा तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतो आणि मी काय जेवलो ते अख्ख्या गल्लीला कळतं. शिवाय जन्म पोस्टात काढल्यावर तुमचं एकच म्हणणं, लिहिलं तेवढं खरं, बोललं ते वाऱ्यावर. म्हणून लिहितो.

दिवाळीच्या आधी भूपेशदादा नागपूरहून एक गाडी घेऊन येईल. ती विकत घेतलेली नाही, घाबरू नका. आमच्या कंपनीनं सात माणसांची नवी गाडी काढली आहे, नाव सप्तक. ती आमच्यातल्या काही जणांच्या घरी वर्षभर वापरायला द्यायची, घरच्यांनी हिंडवायची आणि काय चुकलं ते कळवायचं, अशी योजना आहे. साहेबांच्या मागं लागून एक मी आपल्या गावी, सावलीला, मिळवली. तुम्ही, मोठी माय, भूपेशदादा, रीता वहिनी, त्यांची रोशनी आणि माझी माय, असे सहा जण झाले. सातवी सीट माझी. सुट्टीत आलो की बसेन.

खरं सांगायचं तर गाडी खपत नाही. बाजारात येऊन बरेच महिने झाले, लोक बघतात, वा म्हणतात आणि जातात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत खप वाढला नाही तर ती बंद करतील. मधली आणि मागची सीट माझ्या हातची आहे. माझं पहिलंच काम आहे, मोठे बाबा, आणि ते असं मोडीत निघालं तर मला फार लागेल. तेव्हा पुतण्याची गाडी म्हणून भीड बाळगू नका. दोष दिसेल तो लिहा.

मोठ्या मायला नमस्कार, रोशनीला पापा. तुमचा हात आजवर पाठीवर आहे, तो गाडीवरही असू द्या.

आपला,
अमर


सावली
८ नोव्हेंबर २०२४

चि. अमर यास लटारूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे १४ तारखेचे पत्र मिळाले. टपालाने इतके दिवस का घेतले, हे मी पोस्टात जाऊन विचारले. नवीन मुले आहेत, उत्तर देत नाहीत, हसतात.

गाडी आली. पाटलाच्या वाडीपर्यंत पोरे मागे धावली. तुझ्या मोठ्या मायने, रंभाने, ओवाळले, चाकाखाली लिंबू ठेवले, भूपेशने नारळ फोडला. नावाचा मात्र थोडा घोटाळा झाला. रोशनीने गावभर सांगितले की अमरकाकाने सप्तक पाठवला, ऐकणाऱ्यांनी ऐकले सप्ता. संध्याकाळी भजनी मंडळ पेटी-तबल्यासह दारात हजर. कीर्तनकार कोण, पंगत किती दिवस, असे विचारू लागले. त्यांना चहा पाजून, गाडीत बसवून, एक चक्कर मारून परत पाठवावे लागले. तेव्हापासून गावात तिचे नाव सप्ताच पडले आहे.

दोष शोधून लिही म्हणतोस. मी चष्मा लावून पाहिले, दोष नाही. रंग उत्तम. हॉर्न दमदार. गार हवा इतकी की मला मफलर घ्यावा लागला. रंभाला मागे बसवले की ओकारी होते हे तुला ठाऊकच आहे, म्हणून तिला पुढची सीट कायमची देऊन टाकली. ती आता बिनलिंबाचा प्रवास करते आणि भूपेशला गाडी कशी चालवावी ते शिकवते. घरातील स्त्रीवर्गाचा अभिप्रायही चांगला आहे, असे तिच्याकडूनच कळले.

मी स्वतः मात्र बहुधा बसनेच जातो. गैरसमज नसावा. सरकारने म्हाताऱ्यांना एसटीत सवलत दिली आहे, ती न वापरणे बरे दिसत नाही.

तळ्यातली मासळी यंदा चांगली आहे. रोहू तुझ्या हाताएवढे झाले. तू सुकत चालला असशील, जेवत जा. आमची माया टपालखर्चाशिवाय तुझ्याकडे येत असतेच.

तुझा,
लटारू


चाकण
२२ डिसेंबर २०२४

ती. मायला अमरचा सा. न.

पाकिटावर मुद्दाम तुझं एकटीचं नाव टाकलं आहे. मोठे बाबा दुसऱ्याचं पत्र फोडणार नाहीत, मेले तरी नाही. म्हणून तुला मोकळेपणी विचारतो.

परवा भूपेशदादा फोनवर बोलून गेला. मूल गावात रीता वहिनीच्या भावाचं साक्षगंध झालं म्हणे, इथल्या भाषेत साखरपुडा. मोठे बाबा सकाळच्या बसनं गेले. तू त्यानंतरच्या बसनं गेलीस. आणि गाडीत कोण, तर दादा, वहिनी, रोशनी, मोठी माय आणि तांदळाचं पोतं. माझ्या हातच्या मागच्या सीटवर पोतं आरामात टेकून गेलं आणि माझी माय एसटीत उभी! माय, मी त्या रात्री जेवलो नाही.

काय आहे ते सांग ना. धक्के बसतात का? वास येतो का? तुला पोराच्या गाडीची लाज वाटते का? मोठे बाबा म्हणतात दोष नाही. तू फोनवर म्हणतेस, कोंबड्यांकडं बघायला कुणी नसतं म्हणून येत नाही. मग साक्षगंधाला कोंबड्या कुणी बघितल्या?

चंद्रपूरच्या शोरूममध्ये ज्योत्स्ना म्हणून मुलगी गाड्या विकते, तिच्याशी बोललो. तीही हेच सांगते. घरंच्या घरं येतात. सगळे आत बसून बघतात, सासवा हसतात, म्हातारे काच खाली-वर करतात. मग उतरतात, चहा घेतात, घरी विचारून सांगतो म्हणतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. अगं, सगळं घर तर सोबतच असतं, मग घरी कुणाला विचारतात? कंपनीनं माणसं पाठवून चौकशी केली, तर सगळ्यांनी एकच सांगितलं, गाडी चांगली आहे. आता साहेब म्हणतात, छताला खिडकी करून बघू.

मार्चनंतर मोठी बैठक आहे. तोपर्यंत मला खरं कारण हवं. तुझ्याइतकं खरं दुसरं कोण बोलणार? ठेचा संपला. तेवढी आठवण ठेव, बाकी तुझी माया मागावी लागत नाही.

तुझा,
अमर


सावली
५ जानेवारी २०२५

चि. अमर यास तुह्या मायचे पोटभर आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. पोस्टमननं मोठ्या बाबाच्या हाती देल्लं. त्याहीनं माहं नाव वाचलं, खुंटीच्या पिशवीत ठेवलं आन म्हशीले सांगतलं का टपाल आलं हाये म्हणा. म्हशीनं काई मले सांगतलं नाई, पण मी ऐकलं.

आता तूच सांग, त्याहीनं म्हशीले काऊन सांगतलं? तू याच घरात वाढला न गा? एवढा इंजिनेर झाला, अक्कल काय चाकणच्या मेसमंधी गहाण ठेवली? मोठे बाबा अंगणात याच्या आधी खोकलतात, थे काय सर्दी झाली म्हणून? थे माहे भासरे होत, तुह्या बाबाचे मोठे भाऊ. मी लहान भावाची बायको. लगन होऊन आले तवापासून त्याहीची सावली माह्या आंगावर पडली नाई, ना माही त्याहीच्या. शिवाचं नाई, तोंडातोंडी बोलाचं नाई, त्याहीच्या बाजेवर बसाचं नाई. काई सांगाचं असन तं रंभाबाईच्या हाती निरोप, नाईतं म्हशीले, नाईतं दाराच्या चौकटीले. तुहे बाबा गेले त्या दिवशी सारं घर रडून राह्यलं होतं, तवाबी थे चौकटीलेच हात टेकून म्हणाले का पोरगं शिकन, तिले म्हणा काळजी नको करू. मी आतून ऐकलं.

आता तुही गाडी पाय. सोन्यावानी हाये, तिची लाज नाई वाटत बाप्पा, माही मलेच वाटते. दिवाळीत पयल्यांदा बसलो, मूलले जाले. रंभाबाई पुढं. भासरे मधात, दाराजवळ, कारण का त्याहीचा गुडघा. रीता आन रोशनी त्याहीच्या बाजूले. राह्यली मी, तं मांगं. मांगं जाची वाट कोणती? तं भासऱ्यानं आधी उतराचं, दुखरा गुडघा धरून साऱ्या गावासमोर उभं राहाचं, मंग थे जिथी बसले होते थे सीट दुमडाची आन तिच्यावरून मी चढाचं. भासऱ्याच्या बैठकीवर पाय ठेवून! मी चपला काढल्या, गुडघ्यावर रांगत गेली, तं पदर अटकला. भजनी मंडळ पाहून राह्यलं होतं. मंग मांगं बसली तं माहे गुडघे त्याहीच्या पाठीत. सीट मधात हाये, पण गुडघे तं माहेच न? त्याहीले कळलं असन, थे मूल येवस्तोर शाळेतल्या पोरावानी ताठ बसून राह्यले, पाठ टेकवलीच नाई. मी श्वासबी हळू घेत होती. पुढं रंभाबाई आरशात पाहून हासून राह्यली होती, तिले काय जाते.

तू म्हणशीन, जागा बदला. मी मधात आन मोठा माणूस मांगं? आन मी त्याहीच्याकडं पाठ करून बसू? राम राम! रंभाबाईले मांगं बसवू? तं पोछा घेऊन बसा.

तू लहान होता तवा आपण काळीपिवळी जीपनं जात होतो, आठवते? बाया मांगच्या दारानं चढत, मांगच्याच दारानं उतरत. माणसं पुढून. कोणाचं कोणाले काई नाई. थे गाडी खडखड करे, पण तिले अक्कल होती.

त्या चंद्रपूरच्या बाया चहा पिऊन काऊन जातात थे मले इथी बसून कळलं. थ्या परक्या पोराले सांगतीन काय का माहा भासरा मधात बसन? एवढी मोठी कंपनी तुमची, सीट कितीक रुंद, पाय कितीक लांब, सारं मोजलं. कोणाच्या मांगं कोण बसन थे इचारलं काय?

म्हणून मी बसनं जाते. मी नसली तं थे तरी पाठ टेकवून जातीन. आता थे काऊन बसनं जातात थे मले नाई मालूम, पास वाया जाते म्हणतात.

ठेचा पाठवला हाये. डबा परत आण. पुण्याची भाषा बोलतं तं बोल, पण मायले अगं म्हणू नको, मास्तरीन बोलल्यावानी वाटते. माहा जीव तुह्यापाशीच हाये, सांभाळून ठेव.

तुही माय,
चंदा


चाकण
२ फेब्रुवारी २०२५

ती. मायला अमरचा सा. न. आणि कान धरून माफी.

तुझं पत्र मेसमध्ये वाचलं आणि असा हसलो की ताटातलं वरण शेजाऱ्याच्या अंगावर. मग हसू थांबलं आणि घाम आला. माय, मी खोकला ऐकत वाढलो आणि मला खरंच वाटायचं की मोठ्या बाबांना तंबाखूनं खोकला येतो.

लगेच ज्योत्स्नाला फोन लावला. ती म्हणाली, हो, मग? तिलाही भासरा आहे म्हणे, ब्रह्मपुरीला. मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली की मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, तुम्ही सावलीचे ना! मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

मग मार्चची वाट न बघता आठवड्याच्या बैठकीतच मांडलं. मोठे साहेब बाहेरचे आहेत. मी पाऊण तास भासरा भासरा करत होतो, ते शांतपणे लिहून घेत होते. शेवटी विचारलं की हा भासरा सीटचा नेमका कोणता भाग, आणि तो आपण बाहेरून मागवतो का? सगळी बैठक हसली. पण समजावल्यावर ते हसायचे थांबले. त्यांच्या गावाकडं राजस्थानातही असंच आहे म्हणे, त्यांची आई नातेवाइकांच्या गाडीत बसायला अजून कारणं सांगते. तेव्हा कुठं मला जरा धीर आला.

मी मागच्या दाराचं चित्र काढतो आहे. मागून चढायचं, एक पायरी, धरायला कडी, मधल्या सीटला हातही लावायचा नाही. तुझी काळीपिवळीच, फक्त खडखड नसलेली. हे मान्य झालं तर गाडी वाचेल, आणि मीही. जुलैत निकाल.

मोठ्या बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. त्यांना वाईट वाटेल. आणि अगं म्हणणार नाही, वो माय. तुझ्या रागातसुद्धा जी माया असते तिच्यावरच माझं चाललं आहे.

तुझा,
अमर


सावली
१६ मार्च २०२५

चि. अमर यास लटारूचे अनेक आशीर्वाद.

तू तुझ्या आईला काय लिहिलेस ते मी वाचलेले नाही, वाचणारही नाही. परंतु परवा तू भूपेशला फोन करून रीता पाय किती उंच उचलते ते मोजायला सांगितलेस आणि ते कशासाठी, तेही सांगितलेस. फोन स्पीकरवर होता. ओट्यावर मी होतो, झिंगू न्हावी होता आणि मच्छी सोसायटीचे निम्मे सभासद होते. त्यामुळे आता लपवण्यासारखे काही राहिले नाही.

मला राग आलेला नाही. उलट एक खुलासा करावासा वाटतो. मी पासासाठी बसने जात नव्हतो. मी गाडीत बसलो तर त्या बाईला रांगत चढावे लागते, पदर सावरावा लागतो, लोक बघतात. मी नसलो तर तीच सीट दुमडून ती सुखाने चढेल, असा माझा हिशेब होता. साक्षगंधाच्या दिवशी मी मुद्दाम सकाळची बस धरली. मूलला मांडवात जाऊन बसलो, तर थोड्या वेळाने तुझी आई बसस्टँडकडून चालत येताना दिसली. मागोमाग गाडी आली आणि तिच्यातून पोते उतरले. मी काय बोलणार! मांडवाच्या खांबाला म्हटले की कमाल आहे बुवा.

रीत म्हणशील तर ती कोणाला त्रास द्यायला नाही. मान ठेवायचा तर अंतर ठेवायचे, असे आम्हाला शिकवले. तुझ्या बापाच्या मागे तिने ज्या हिमतीने घर धरले, त्याचा मला फार मान आहे. तो सांगायची सोय मात्र त्या रीतीत नव्हती.

फोनवर ऐकली ती छताची खिडकी मात्र करू नका. आलापल्लीच्या रस्त्याला वानरे आहेत. खिडकी उघडी ठेवलीत तर आठवा प्रवासी आपोआप मिळेल.

मागच्या दाराचे काम नेटाने कर. रीताचा पाय मोजला आहे, भूपेश पाठवेल. गाडी वाचावी असे आता मलाही मनापासून वाटते. आमचे आशीर्वाद रजिस्टर पोस्टाने पाठवले आहेत असे समज, हरवायचे नाहीत.

तुझा,
लटारू


चाकण
१० जुलै २०२५

ती. स्व. मोठे बाबा यांस,
अमरचा शि. सा. न.

बातमी चांगली नाही, म्हणून आधीच लिहितो. सप्तक बंद झाली.

मागचं दार साहेबांना आवडलं होतं. ते माझ्या बाजूनं बोललेही. पण वरच्यांचं म्हणणं पडलं की आता सगळा सांगाडा बदलावा लागेल, तोवर लोक ही गाडी विसरतील. परवा शेवटची गाडी बाहेर पडली. कामगारांनी तिला हार घातला, पेढे वाटले. पेढा मी खिशात टाकला. मी मागं जाऊन तिच्या तिसऱ्या सीटवर थोडा वेळ बसून राहिलो. गुडघे खरंच हनुवटीला लागतात हो. आधी का नाही कळलं?

नोकरी शाबूत आहे. पण आता मला एका छोट्या गाडीच्या दारात पाण्याची बाटली ठेवायच्या खाचा करायला दिल्या आहेत. दिवसभर बाटल्या ठेवतो आणि काढतो. कुणी दोष देत नाही, तरी मान वर होत नाही. कधी वाटतं, हे सोडून परत यावं, सोसायटीच्या तळ्यात जाळं टाकावं. तुम्ही एवढं शिकवलंत आणि मी हे करून ठेवलं.

पंधरा ऑगस्टच्या आधी गाडी नागपूरला परत द्यायची आहे. एकच विनंती. त्याआधी एकदा सगळे मिळून बसा, बस न धरता. मोठ्या मायच्या माहेरी अहेरीला जाऊन या. रांगावं लागलं तरी चालेल. निदान माझ्या गाडीत माझं घर एकदा पूर्ण बसलं, एवढं मला म्हणता यावं.

मायला हे तुम्हीच सांगा, म्हणजे मोठ्या मायकडून सांगा. माझ्या तोंडून फोनवर निघणार नाही. माझ्यावरची माया उणी होऊ देऊ नका.

आपला,
अमर


सावली
३ ऑगस्ट २०२५

चि. अमर यास आम्हा दोघांचे अनेक आशीर्वाद.

अक्षर माझे आहे हे तू ओळखलेच असशील. मजकूर निम्माच माझा आहे. सांगणारी समोर पाटावर बसून तांदूळ निवडत आहे आणि मी काही फुगवून लिहिले की टोकत आहे. (सांगणारी म्हणते का हा पोस्टमास्तरी घोळ कायले, सिद्धं लिवा.) बरे, सरळ लिहितो.

तुझ्या इच्छेप्रमाणे मागच्या रविवारी सगळे निघालो. रंभा पुढे, मी मधे, रीता आणि रोशनी शेजारी, तुझी आई मागे. सातव्या सीटवर तुझ्या नावाने कोणालाच बसू दिले नाही, पोत्यालासुद्धा नाही. मी जाताना ताठच बसलो. अहेरीला मेहुण्याकडे कोवळ्या बांबूच्या वास्त्याची भाजी आणि झिंगे असे जेवण झाले, रंभाने परतीला दोन डबे भरून घेतले. येताना आष्टीच्या अलीकडे एका नाल्यावर रपट्याच्या बुटक्या पुलावरून थोडे पाणी चालले होते. मी म्हटले थांबू या. भूपेश म्हणाला, सप्त्याला काय होते! मधोमध गेलो आणि गाडी बंद पडली.

पाणी गुडघ्याखाली होते, पण आत यायला लागले. भूपेशने रोशनीला खांद्यावर घेतले, रीताने सासूचा हात धरला, सासूने डबे धरले. मी उतरलो आणि सीट दुमडली. आता पुढचे सांगणारीच्या शब्दांत जसेच्या तसे लिहितो, माझी जबाबदारी नाही.

मी मांगं बसली होती. पाणी पायाले लागून राह्यलं होतं. मले वाटलं थे बाजूले होतीन तवा मी उतरीन. थे बाजूले होऊनच नाई राह्यले. पाण्यात उभे, दुखऱ्या गुडघ्यावर, दार धरून. मी खाली मान घालून बसली. मंग थे म्हणाले का चंदा, हात दे. म्हशीले नाई, चौकटीले नाई, मले! माह्या तं आंगावर काटाच आला. मी म्हटलं का भाऊजी, तुमच्या बैठकीवर पाय पडन. तं म्हणाले का पडू दे, बैठक कंपनीची हाये, माही नाई. एवढ्या पाण्यात मले असं हासू आलं का काय सांगू. मंग देल्ला हात आन ठेवला पाय.

हे सर्व खरे आहे. काठावर आल्यावर आम्ही दोघेही कोणाकडे बघावे ते न कळून नाल्याकडे बघत उभे होतो. रंभा म्हणाली की झालं, माही नोकरी गेली, जन्मभर यांचे निरोप वाहिले, आता मी काय करू. मग सगळेच हसले. पलीकडच्या गावच्या इसरूने ट्रॅक्टर लावून गाडी ओढली. काही बिघडले नाही, भूपेशने वाळवून ठेवली आहे, वेळेवर परत करील. घरी येईपर्यंत मी पाठ टेकवून झोपलो. (सांगणारी म्हणते का घोरलेबी, थे लिवा.)

दुसऱ्या दिवशी सवयीने अंगणात खोकलो. आतून आवाज आला की या न भाऊजी, खोकलता काऊन, काढा करून देऊ काय? म्हैस तेव्हापासून रुसून आहे, तिच्याशी आता कोणी बोलत नाही.

तुझ्या नोकरीविषयी. जाळे टाकायला येतो म्हणतोस, तर सोसायटीत जागा नाही. सांगणारीचे म्हणणे असे, का खाचा तं खाचा, पण बाटली कोणाच्या हाताशी येते थे पयले घरोघर इचार, आन मंग कर. आणि गाडी बंद पडली म्हणून मान खाली घालू नको. आमच्या मते ती योग्य जागी बंद पडली.

आता शेवटचे. तुझा बाप गेला त्या दिवशी मी चौकटीपाशी काही बोललो होतो. ते तिला ऐकू गेले की नाही, हे मला आजवर कळले नव्हते. विचारणार कोणाला? काल समोर बसून विचारले. ती म्हणाली का ऐकलं होतं, त्या शब्दावरच तं एवढी वर्षं उभी राह्यली. मग तांदळातला खडा काढत म्हणाली का शिकलं हो भाऊजी, पोरगं शिकलं. माझ्या त्या शब्दांचे उत्तर हे असे काल आले. पोस्टात उशिरा पोचलेली पत्रे मी पुष्कळ पाहिली, पण इतके उशिरा आणि इतके बरोबर पत्त्यावर पोचलेले हे पहिलेच.

सुट्टी काढून ये. सातवी सीट गेली तरी पाट रिकामा आहे. माया दोघांचीही आहे, आता ती एकाच पाकिटात येईल.

लटारू, लिहिणार
चंदा, सांगणार